वारंवारता बदलली की काय शोधायचं? कंपनांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

कंपन मोजायला शिकणारा प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात धावत येऊन सांगतो, "सर, कंपन वाढलंय." मी विचारतो, काय वाढलं? वस्तू पूर्वीपेक्षा लांबवर हलतेय, की सेकंदाला जास्त वेळा हलतेय? हलण्याच्या पल्ल्याला आयाम म्हणतात. सेकंदाला किती वेळा हलली ती वारंवारता, आणि ती मोजायची हर्ट्झमध्ये. कामाच्या ठिकाणी दोन्हींना अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फ्रिक्वेन्सी असंच म्हणतात, तेव्हा ते शब्दही कानावर असू द्या.

आयाम वाढला की लगेच कळतं, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि हाताला जाणवतो. वारंवारता मात्र गुपचूप बदलते. तरीही निदानासाठी मला तिचाच भरवसा जास्त वाटतो. आयाम वाढायला कारणं पुष्कळ असतात. वारंवारता बदलायला मोजकीच असतात: वस्तूचा ताठपणा बदलला, तिचं वजन बदललं, तिचा टेकू बदलला, तिला हलवणाऱ्याचा ताल बदलला, नाहीतर ती वस्तू आणि आपण यांच्यातला वेग बदलला. या पाचांपैकी नेमकं कोणतं, हे ओळखायला शिकणं म्हणजेच हा विषय शिकणं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या दोन वाचून सोडू नका, हाताने करा.

पहिली पायरी: पट्टी वाजवा

१ मिलिमीटर जाडीची, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी घ्या. ती टेबलाच्या कडेवर ठेवून २० सेंटिमीटर बाहेर काढा, आतला भाग तळहाताने घट्ट दाबा आणि टोक खाली दाबून सोडा. पट्टी धूसर दिसेल, आवाज जवळजवळ येणार नाही. ही सुमारे २० हर्ट्झची हालचाल आहे, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या खालच्या सीमेवरची. आता बाहेरचा भाग निम्मा करा, १० सेंटिमीटर. स्पष्ट गुणगुण ऐकू येईल, साधारण ८० हर्ट्झची. लांबी निम्मी केली आणि वारंवारता चौपट झाली. एका टोकाला धरलेल्या पट्टीची वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वाचून हे विसरायला होतं, एकदा ऐकलं की विसरत नाही.

आता पुन्हा २० सेंटिमीटरवर या आणि टोकाला मातीचा किंवा मेणाचा छोटा गोळा चिकटवा. पट्टी सावकाश डोलेल. तोच गोळा टेबलाच्या कडेजवळ सरकवला तर फरक जवळजवळ दिसणार नाही. वजन किती वाढलं याइतकंच ते कुठे वाढलं यालाही महत्त्व आहे. जो भाग जास्त हलतो तिथलं वजन वारंवारतेला खाली ओढतं, आणि जो हलतच नाही तिथे कितीही वजन ठेवा, काही बिघडत नाही.

तिसरा प्रयोग बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. गोळा काढा. बाहेरची लांबी तीच ठेवा, फक्त तळहाताचा दाब सैल करा. पट्टी तीच, वजन तेच, तरी वारंवारता उतरते आणि कंपन लवकर विरतं. टेकू ढिला झाला की वस्तू जणू लांब होते, आणि ढिल्या जागी घर्षणात ऊर्जाही वाया जाते. पुढे एखाद्या यंत्राचा पाया ढिला झाल्याचं आकड्यांवरून ओळखायची वेळ येईल तेव्हा तुमचा हात हीच पट्टी आठवेल.

या तिन्हींच्या मागे एकच नातं आहे. वारंवारता ही ताठपणा भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वर्गमूळ असल्यामुळे वजन चौपट केलं तर वारंवारता निम्मी होते, आणि ताठपणा १ टक्क्याने घटला तर वारंवारता अर्धा टक्काच घटते. म्हणून वारंवारतेतला छोटा बदलही हलक्यात घ्यायचा नसतो. समजा, ३१ हर्ट्झला कंपणारी यंत्राची चौकट २६ वर आली, तर कुणी म्हणेल, पाचच हर्ट्झ तर कमी झाले. पण २६ भागिले ३१, त्याचा वर्ग, म्हणजे ०.७. चौकटीचा ३० टक्के ताठपणा गेलेला आहे.

दुसरी पायरी: नेमकं कोण कंपतंय ते ठरवा

काचेची रिकामी बाटली घ्या. तोंडावर आडवी फुंकर मारा आणि सूर लक्षात ठेवा. थोडं पाणी ओता, पुन्हा फुंका. सूर चढतो. आणखी पाणी, आणखी चढा. आता तीच बाटली बाहेरून चमच्याने वाजवा आणि पाणी वाढवत जा. सूर उतरत जातो!

पाणी तेच, बाटली तीच, आणि उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. फुंकताना आत कोंडलेली हवा कंपते. पाणी वाढलं की हवेची जागा कमी होते, ती जास्त ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि सूर चढतो. चमचा मारताना काच कंपते. काचेला आतून चिकटलेलं पाणी तिच्याबरोबर हलवावं लागतं, म्हणजे काचेचं वजन वाढल्यासारखं होतं आणि सूर उतरतो.

वाद्यांमध्येही हाच घोळ दिसतो. खोली तापली की बासरीचा सूर चढतो आणि पोलादी तारेचा उतरतो. बासरीत हवा कंपते. हवेतला आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. तार मात्र तापून प्रसरण पावते आणि तिच्यावरचा ताण सुटतो. ताण आणि सूर यांच्यातही वर्गमूळच आहे. तीच तार त्याच लांबीवर एक सप्तक वर न्यायची तर ताण चौपट करावा लागतो, आणि त्याआधीच बहुधा ती तुटते.

तेव्हा कुठलाही आकडा लिहिण्याआधी कंपणारी गोष्ट कोणती ते वहीत लिहा: हवा, काच, तार, पाया की पत्रा. नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच निघतात.

तिसरी पायरी: मोजा, पण मोजणाऱ्याची मर्यादा ओळखून

सुरुवातीला महागडं उपकरण लागत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. आवाजासाठी फोनचा माइक पुरतो. मात्र दोन गोष्टी समजल्याशिवाय त्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

पहिली गोष्ट नमुन्यांची. समजा फोन सेकंदाला १०० वेळा नोंद घेतो. मग त्याला ५० हर्ट्झपर्यंतचंच कंपन खरं दिसतं. त्याहून वेगवान कंपन तो गाळत नाही, ते खोट्या जागी दाखवतो. ७० हर्ट्झचं कंपन ३० हर्ट्झवर दिसेल. आणि यंत्राचा वेग वाढून ७० चे ७५ झाले तर आलेखावर ३० चे २५ होतील. वारंवारता प्रत्यक्षात वाढली आणि तुम्ही लिहिलंत, घटली. याला एलियासिंग म्हणतात. यातून वाचायचं असेल तर नोंदीचा वेग तुमच्या अपेक्षित वारंवारतेच्या दुपटीहून बऱ्यापैकी जास्त हवा. चांगल्या उपकरणांत नोंद घेण्याआधीच वरच्या वारंवारता अडवणारा फिल्टर असतो. फोनमध्ये तो असेलच याची खात्री धरू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. १ सेकंद नोंद घेतलीत तर दोन जवळच्या वारंवारतांमधला १ हर्ट्झपेक्षा बारीक फरक सुटा दिसणार नाही. १० सेकंद घेतलीत तर ०.१ हर्ट्झपर्यंत दिसेल. त्यामुळे २५ वरून २४.६ वर आल्याची बातमी दोन सेकंदांच्या नोंदीवरून देऊ नका. घाईत घेतलेल्या नोंदी मी सरळ बाजूला ठेवतो.

फोन यंत्रावर कसा ठेवता यालाही अर्थ आहे. हातात धरला तर हात कंपनं गिळतो. मऊ कव्हरसकट ठेवला तर कव्हर स्वतः स्प्रिंग होतं. हलक्या पत्र्यावर ठेवला तर फोनचंच वजन पत्र्याची वारंवारता उतरवतं, टोकाला लावलेल्या गोळ्यासारखं. खरे सेन्सर शक्य तितके हलके बनवतात आणि स्क्रू, चुंबक किंवा मेणाने पक्के बसवतात ते यासाठीच.

फिरत्या भागाजवळ हात, सैल बाही, ओढणी, मोकळे केस नकोत. आणि लुकलुकत्या दिव्याखाली फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. ते थांबलेलं नसतं.

चौथी पायरी: हा ताल कुणाचा?

आलेखात आडवी वारंवारता असते आणि उभा आयाम. त्यात एक टोक, म्हणजे उंच शिखर, दिसलं. आता विचारायचं, हा वस्तूचा स्वतःचा ताल आहे की कुणी तिच्यावर लादलेला? वस्तूला टिचकी मारून सोडली की ती ज्या वारंवारतेने हलते ती तिची नैसर्गिक वारंवारता. फिरणारं यंत्र, वाहता वारा, चालणारी माणसं आपला ताल तिच्यावर लादतात. दोन्ही जुळले की थोड्या धक्क्यातही हालचाल प्रचंड वाढते. यालाच अनुनाद किंवा रेझोनन्स म्हणतात.

उदाहरण घेऊ. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी चार ध्रुवांची मोटर भाराखाली मिनिटाला १४७० फेरे फिरते. म्हणजे सेकंदाला २४.५. हा आपला आधाराचा आकडा, आणि बाकी सगळं त्याच्या पटीत वाचायचं.

बरोबर २४.५ ला मोठं टोक असेल तर आधी असंतुलनाचा संशय घ्या. फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असतं किंवा पात्यांवर मळ साचलेला असतो. दुपटीला, म्हणजे ४९ ला टोक असेल तर जोडलेल्या दोन शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे ते एका रेषेत आहेत का, ते तपासा. एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट अशी टोकांची रांगच लागली असेल तर काहीतरी ढिलं आहे. २० दातांचा गियर असेल तर दात जुळण्याची वारंवारता २० गुणिले २४.५, म्हणजे ४९० हर्ट्झ येते.

बेअरिंगचं टोक मात्र पूर्ण पटीत बसत नाही, आणि तीच त्याची खूण. आठ गोळ्यांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग खराब झाली तर टोक साधारण ०.४ गुणिले ८, म्हणजे ३.२ पटीच्या आसपास येतं, इथे ७८ हर्ट्झजवळ. आतली रिंग गेली तर ०.४ च्या जागी सुमारे ०.६ धरा. हे अंदाज आहेत. नेमका आकडा बेअरिंगच्या मापांवरून काढतात.

आता एक चकवा. १०० हर्ट्झला टोक आहे. ते फेऱ्यांच्या चौपटीचं आहे, म्हणजे ९८ चं, की विजेचं? ५० हर्ट्झच्या प्रवाहाने लोखंडाच्या गाभ्यावर पडणारा चुंबकीय जोर प्रत्येक आवर्तनात दोनदा कमाल होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मोटर १०० हर्ट्झला गुणगुणतात. लांब नोंद घेतली तर ९८ आणि १०० वेगळे दिसतील. त्याहून सोपी युक्ती म्हणजे आलेख चालू ठेवून वीज बंद करा. विजेचं टोक त्याच क्षणी नाहीसं होतं. फिरण्यामुळे आलेलं टोक यंत्र मंदावेल तसं हळूहळू डावीकडे सरकत जातं. आणि एखादं टोक जागचं न हलता, यंत्राचा वेग त्याच्याजवळून जाताना क्षणभर उसळलं, तर ती चौकटीची किंवा पायाची नैसर्गिक वारंवारता समजा. वीज बंद करून तीस सेकंद नुसतं बघत राहणं, याच्याइतकी फुकट आणि भरवशाची चाचणी मला दुसरी माहीत नाही.

मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आल्यापासून हे जास्त महत्त्वाचं झालं. पूर्वी यंत्र एकाच वेगाने चाले आणि त्या वेगापुरती काळजी घेतली की भागे. आता ते दिवसभर वेगवेगळ्या वेगांनी फिरतं आणि कुठल्या ना कुठल्या नैसर्गिक वारंवारतेवर रेंगाळतं. ड्राइव्हमध्ये वेगांचे असे पट्टे टाळण्याची सोय असते. ती वापरायची तर पट्टा कुठे आहे ते आधी मोजावं लागतं. यंत्र पूर्ण बंद करून, पुरवठा कुलूपबंद करून, चौकटीवर रबरी टोकाच्या हातोडीने ठोका मारायचा आणि ती कशी वाजते ते नोंदायचं. कामावर याला बंप टेस्ट म्हणतात.

पाचवी पायरी: बदल वस्तूत की ऐकणाऱ्यापाशी?

कधी कधी वस्तूचं काहीच बदललेलं नसतं. ७०० हर्ट्झचा भोंगा वाजवत एखादी गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने तुमच्याकडे येते. तुम्हाला ७४३ हर्ट्झ ऐकू येतात. पुढे निघून गेली की ६६१. या दोन आकड्यांचं गुणोत्तर नऊ अष्टमांशाच्या अगदी जवळ आहे, म्हणजे शुद्ध ऋषभावरून षड्जावर उतरावं तितका हा फरक. गाडीतल्या माणसाला मात्र सारा वेळ ७०० च ऐकू येतात.

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये हा विचार मांडला तो ताऱ्यांच्या रंगांबद्दल. १८४५ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तजवळ बाइस बॅलट यांनी रेल्वेवर तुतारीवादक बसवून आणि रुळांजवळ जाणते कान उभे करून तो आवाजावर तपासला. नवख्यांचा इथे एक गैरसमज असतो: गाडी जवळ येताना सूर चढत जातो. तसं होत नाही. सरळ तुमच्या रोखाने येणाऱ्या गाडीचा सूर आधीपासूनच चढलेला असतो आणि तेवढाच राहतो. वाढत जातो तो आवाजाचा जोर. सूर घसरतो तो गाडी शेजारून जाताना.

रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी याच नात्यावर चालते. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला तोही याच मार्गाने. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो आणि त्याच्या प्रकाशाची वारंवारता सुमारे ४.२ दिवसांच्या तालात किंचित वरखाली होते.

सहावी पायरी: पूल आणि इमारती

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० ला कोसळला. त्या चित्रफितीकडे बोट दाखवून 'हा अनुनाद' असं सांगितलं जातं, आणि मला ते खटकतं. त्या सकाळी पूल आधी काही तास वरखाली हलत होता, मिनिटाला ३८ च्या आसपास वेळा. मग मधल्या भागात मुख्य दोराला धरणारा पट्टा सरकला आणि चाल एकदम बदलली. पूल पिळवटायला लागला आणि वारंवारता मिनिटाला १२ ते १४ वर, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या घरात आली. पिळवटल्यामुळे वाऱ्याचा जोर बदलायचा आणि त्या जोराने पूल आणखी पिळवटायचा. वाऱ्यात बाहेरून येणारा ०.२ हर्ट्झचा ताल नव्हता. हालचाल स्वतःच आपली ऊर्जा वाऱ्यातून ओढत होती. याला फ्लटर म्हणतात. आपल्या पायऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर टेकू बदलला, म्हणून कंपनाची तऱ्हा बदलली.

लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे रेटा देतो, म्हणून आडवा ताल १ हर्ट्झच्या आसपास पडतो. पुलाच्या आडव्या वारंवारता त्याच टापूत होत्या. पूल जरा डुलला की तोल सांभाळायला माणसं त्याच्याच तालात पावलं टाकू लागत आणि डुलणं वाढे. पुलाचा ताठपणा वाढवून वारंवारता वर नेणं हा एक उपाय होता, पण त्याने त्याचं हलकं रूप बिघडलं असतं. म्हणून हालचाल शोषणारे डॅम्पर बसवले आणि २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. ताल जुळत असतील तर ताल बदला, नाहीतर ऊर्जा मुरवा. तिसरी वाट म्हणजे ताल देणाऱ्यालाच आवरणं, आणि गर्दीच्या पुलावर ती चालत नाही.

सगळ्यात गंभीर उदाहरण मेक्सिको सिटीचं आहे. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचं केंद्र ३५० किलोमीटरहून दूर होतं. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे आणि तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तनाने डोलला, म्हणजे एका हेलकाव्याला दोन सेकंद. आवर्तन लांबलं की वारंवारता उतरते. इमारतीचं आवर्तन ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद धरतात. म्हणजे दहा मजल्यांची इमारत एका सेकंदाची, गाळापासून बरीच लांब. पण भेगा पडत गेल्या की ताठपणा घटतो आणि आवर्तन लांबतं. इमारत मोडत असतानाच गाळाच्या तालाकडे सरकत गेली. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला त्यामागे हे मोठं कारण आहे. वारंवारता खाली येणं नेहमी वाईट, असंही नाही. गाळापेक्षा वरच्या वारंवारतेची इमारत त्याच्या तालाकडे जाते आणि आधीच खाली असलेली दूर जाते. सरकतेय कुठे ते बघायचं.

तापमान विसरू नका. स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ या पुलावर १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर नोंदी घेतल्या गेल्या. थंडीत पारा शून्याखाली गेला की डांबर ताठ होई आणि पुलाच्या वारंवारता चक्क वाढत. तापमान नोंदलं नाही तर हिवाळा पूल दुरुस्त करतो आणि उन्हाळा मोडतो, असा निष्कर्ष निघेल.

सातवी पायरी: हाच बदल मोजमाप म्हणून वापरा

आतापर्यंत बदल म्हणजे बिघाडाची खूण होती. तोच मुद्दाम घडवून मोजपट्टीसारखाही वापरतात. धरणांत आणि बोगद्यांत काँक्रीटमध्ये ताणलेल्या तारेचे मापक गाडलेले असतात. काँक्रीट आकसलं किंवा ताणलं गेलं की तारेचा ताण बदलतो आणि तिची वारंवारता बदलते. विजेचा दाब मोजण्यापेक्षा वारंवारता मोजण्यात एक मोठी सोय आहे: शेकडो मीटर केबलमधून येताना संकेत क्षीण झाला तरी सेकंदाला किती वेळा हा आकडा तोच राहतो.

मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा बारीक चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ हर्ट्झ उरतो. घड्याळ दिवसाला एक सेकंद चुकतं म्हणजे या ३२,७६८ मध्ये फक्त ०.३८ हर्ट्झचा फरक आहे. क्वार्ट्झच्या चकतीवर काही साचलं तर वारंवारता उतरते, आणि गुंटर झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये त्याचं गणित मांडल्यापासून ती चकती तराजू झाली. ५ मेगाहर्ट्झच्या चकतीत १ हर्ट्झची घट म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १७.७ नॅनोग्रॅम. पट्टीच्या टोकाचा मातीचा गोळाच हा, फक्त कल्पनेपलीकडे हलका.

रेणूंमध्येही तेच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला शोधलेल्या परिणामात विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता रेणूच्या कंपनाइतकी सरकते, आणि त्या सरकण्यावरून रेणू ओळखता येतो. कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्यूटेरियम बसवला की बंध तसाच राहतो, वजन तेवढं वाढतं, आणि वारंवारता सुमारे १.३६ पटीने खाली येते. वजन आणि ताठपणा यांचं वर्गमूळ इथेही तसंच लागू पडतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

आणि १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेला संकेत सुमारे ०.२ सेकंदात ३५ वरून १५० हर्ट्झपर्यंत चढला. वारंवारता किती वेगाने चढली त्यावरून, एकमेकांभोवती फिरत विलीन होणाऱ्या दोन कृष्णविवरांचं वस्तुमान काढता आलं.

आठवी पायरी: सगळं ठीक असतानाच नोंद करून ठेवा

बदल ओळखायला आधीचा आकडा लागतो. यंत्र नवं असताना, पूल धड असताना, वाद्य सुरात असताना मोजून ठेवा. वहीत तारीख, फेरे, भार, तापमान, सेन्सरची नेमकी जागा आणि नोंद किती सेकंदांची होती ते लिहा. सेन्सरच्या जागेवर रंगाचा ठिपका द्या. दुसऱ्या वेळी दोन इंच बाजूला ठेवला तर तुलना फुकट जाते.

एका कारखान्यात मिनिटाला १४७० फेऱ्यांचा मोठा पंखा सतत हादरत होता. टोक २४.५ ला, म्हणून असंतुलन समजून तो दोनदा बॅलन्स केला गेला. दोन्ही वेळा आठवड्याभरात हादरे परत आले. तिसऱ्यांदा मला बोलावलं तेव्हा तिथल्या एका जुन्या मदतनीसाने कपाटातून नोंदवही काढून दिली. पंखा बसवला त्या वर्षीच्या पानावर कुणीतरी चौकटीची बंप टेस्ट लिहून ठेवली होती, ३१ हर्ट्झ. पुरवठा कुलूपबंद करून आम्ही त्याच ठिपक्यावर सेन्सर लावला आणि ठोका मारला. आकडा २६. पंख्याच्या २४.५ ला जवळजवळ खेटलेला.

मग गेलेला ताठपणा शोधायचा होता. चौकटीच्या चारही पायांचे बोल्ट घट्ट होते, पान्याने तपासले. पण मदतनीसाने एका पायाखाली फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पट्टी घातली तर ती सरळ आत गेली. बोल्ट घट्ट होता, पायाखालचा ग्राउट, म्हणजे फटीत भरलेलं सिमेंटचं मिश्रण, मात्र भुगा होऊन निघून गेला होता. चौकट तीन पायांवर उभी होती, सैल तळहाताखालच्या पट्टीसारखी.

ग्राउट फोडून नवा भरला, तो पुरता वाळू दिला. पुन्हा ठोका मारला तेव्हा आकडा ३०.५ आला. पंखा सुरू केला आणि चौकटीवर हात ठेवला, तर कंपन जेमतेम जाणवत होतं. मदतनीसाने जुन्या नोंदीच्या खालीच नवी ओळ लिहिली: तारीख, ३०.५, तापमान २८, ठिपका तोच.